पुरात बुडणारी बाग परत बांधायची तर कशी? सांगलीच्या कृष्णाकाठची एक केस

ही केस एका छोट्या बागेची आहे. सांगलीत गावभागाच्या बाजूनं कृष्णेचा जो काठ आहे, स्वामी समर्थ घाट, सरकारी घाट, विष्णू घाट, माई घाट आणि त्यांच्या मधेमधे मोकळी मळी (नदीकाठची गाळाची जमीन), त्यातल्या एका तुकड्यावर वॉकिंग ट्रॅक, हिरवळ, पोरांची खेळणी, ओपन जिम, थोडे दिव्याचे खांब आणि कडेनं कंपाउंड वॉल एवढंच होतं. नेमकी कुठली बाग ते लिहीत नाही, कारण काठावर अशा बऱ्याच जागा आहेत आणि सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच झालंय. २०१९ च्या महापुरात ती बाग पार गेली, मग जशी होती तशीच परत केली, आणि २०२१ ला परत गेली. तिसऱ्यांदा करायची वेळ आली तेव्हा रोज चालायला येणारे, घाटावर पोहणारे, जवळपास राहणारे आणि माझ्यासारखे सिव्हिलचं काम करणारे एक-दोघं असे आम्ही बसलो आणि काय टिकलं, काय गेलं, का गेलं ते सगळं वहीत उतरवलं. तेच इथं मांडतोय, कराड असो वाई असो मिरज असो, नदीकाठी बाग करायची ठरवणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

आधी पाण्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, आणि पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला की पहिलं विचारतो पुलाला पाणी किती झालं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. चाळिशीकडं जायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर इकडं घरांत पाणी शिरायला लागतं आणि लोक सामान वर चढवायला घेतात. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सगळे म्हणाले असला पूर परत बघायला मिळायचा नाही, आणि २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं, मग दोनच वर्षांनी २०२१ ला परत ५४-५५ च्या घरात. म्हणजे धोक्याच्या पातळीच्याही वर आठ-दहा-बारा फूट पाणी, आणि आपली बाग तर धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली. महापूर सोडाच, साध्या चांगल्या पावसाळ्यातही बागेचा खालचा भाग पाण्यात जातोच, त्याची बातमीसुद्धा होत नाही.

आता इथला पूर कसा असतो ते समजून घेतलं पाहिजे. कोयना धरण १०५ टीएमसीचं, शिवाय धोम, कण्हेर, हे सगळं पाणी कराडवरून खाली येतं, कोयनेतून सोडलेलं पाणी इथं पोचायला एक दिवसाच्या वर वेळ घेतं. सांगलीच्या अगदी खाली हरिपूरला संगमेश्वराच्या देवळापाशी वारणा येऊन मिळते, तिच्यावर चांदोलीचं धरण. वारणा भरून वाहत असली की कृष्णेच्या पाण्याला पुढं जायला वाट मिळत नाही, ते मागं फुगतं आणि सांगलीत चढतं. वरनं जमीन सपाट आणि नदी नुसती वळणं घेत चाललेली. (खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद वेगळा आहे, त्यात मी इथं शिरत नाही, तो एका बागेच्या हिशोबात मावणारा विषय नाही.) त्यामुळं आपल्याकडं पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा धाडकन येऊन सगळं उचलून नेत नाही, तो सावकाश चढतो आणि उतरायला त्याहून जास्त वेळ लावतो. २०१९ ला आठवडाभर पाणी ठाण मांडून होतं. बाग करणाऱ्यानं लक्षात ठेवायची गोष्ट हीच, की पाण्याचा जोर किती यापेक्षा पाणी किती दिवस उभं राहणार आणि जाताना किती गाळ टाकून जाणार.

गाळ म्हणजे काय ते ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. मळईची बारीक चिकण माती, त्यात गावातनं आलेलं सांडपाणी, उसाचं पाचट, केंदाळ म्हणजे जलपर्णी, प्लॅस्टिक, मेलेली जनावरं, सगळं एकत्र. ओला असताना फावडं उचलत नाही इतका जड आणि वास असा की डोकं धरतं, आणि दोन-तीन उन्हं लागली की वरनं कडक पापडी धरतो, भेगा पडतात, मग जेसीबीशिवाय हलत नाही. हिरवळ मेली ती पाण्यानं कमी आणि ह्या पापडीनं जास्त. गवत दोन-चार दिवस पाण्याखाली राहिलं तरी परत फुटतं, पण त्याच्यावर वीतभर गाळ बसला की हवा बंद, मुळं कुजतात. विकत आणलेल्या लॉनच्या चादरी दोन्ही वेळेला पूर्ण गेल्या. आणि गंमत म्हणजे नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, जिथं कुणी लॉन लावलंच नव्हतं, आपली हरळी वाढू दिली होती, तिथं दिवाळीच्या आसपास परत हिरवं झालं होतं. हरळीच्या काड्या गाळ फोडून वर येतात.

पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. वरनं बघितलं तर ब्लॉक जागेवर होते, म्हणून २०१९ नंतर ठेकेदारानं नुसता धुऊन चालू केला, पण ब्लॉकच्या खाली जी वाळूची बैठक असते ती पाणी उतरताना कडेनं वाहून गेली होती, मग महिन्याभरात ठिकठिकाणी खड्डे, ब्लॉक डुगडुगायला लागले, म्हातारी माणसं अडखळायला लागली. ब्लॉक उचलून खालची बैठक परत भरून बसवायचं काम नव्या कामाइतकंच पडतं. ओपन जिमची मशिनं दिसायला शाबूत, पण बेअरिंगमधे गाळ जाऊन बसला, थोडे दिवस करकर वाजली आणि मग जाम झाली. फायबरची घसरगुंडी पाण्यानं तरंगली, नटबोल्टसकट उपटून कडेच्या झाडात जाऊन अडकली. दिव्याचे खांब उभे राहिले, पण त्यांचे डबे, ज्यात वायरींची जोडणी असते, ते गुडघ्याएवढ्या उंचीवर, सगळे पाण्यात. नंतर ओल्या डब्यातनं करंट उतरायची भीती म्हणून लाइन बंदच ठेवावी लागली, आणि ते योग्यच होतं, त्यावर कुणी तक्रार करू नये.

सगळ्यात वाईट अवस्था कंपाउंड वॉलची. नदीकडच्या बाजूनं आणि दोन्ही टोकांना आडवी विटांची भिंत होती. पाणी चढताना तिला काही झालं नाही कारण दोन्ही बाजूनं सारखं चढलं. उतरताना नदीचं पाणी आधी खाली गेलं आणि भिंतीच्या आतलं अडकून राहिलं, एका बाजूला तीन-चार फूट पाण्याचा रेटा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, भिंत नदीच्या दिशेनं आडवी पडली. पाणी जायला खाली भोकं ठेवली होती, पण ती पाचट आणि प्लॅस्टिकनं आधीच बुजली होती. लोखंडी रेलिंगचं पण तेच, जाळीत केंदाळ आणि बांबू अडकले की ती जाळी राहत नाही, भिंतच होते. दुसऱ्यांदा तीच भिंत तशीच उभी केली, विटा नव्या, सिमेंट जास्त, आणि २०२१ ला ती त्याच बाजूला पडली. इथं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पहिली भिंत का पडली हे पडलेल्या विटांच्या दिशेवरनं सहज कळत होतं, कुणीतरी फक्त उभं राहून बघायला पाहिजे होतं.

आता टिकलं काय ते. दगडी घाटाच्या पायऱ्या, संस्थानच्या काळापासून किती पूर बघितले असतील, पाणी उतरलं, धुतल्या, परत तशाच. आरसीसीचे जड बाक, गाळात अर्धे रुतलेले पण जागेवर. मोठ्या दगडांचा बसायचा कट्टा. आणि झाडं. झाडांबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण बागेचा निम्मा विषय तोच आहे.

उंबर, करंज, जांभूळ, वड, पिंपळ, चिंच, ह्यांना काहीही झालं नाही. खालची पानं गाळानं माखून गळाली, वरनं नवी पालवी आली. करंज तर नदीकाठचंच झाड, पाय पाण्यात ठेवून उभं राहायची त्याला सवय. अर्जुनाची रोपं तिथं कुणीतरी लावलेली, ती तरणी होती तरी जगली. नारळ जगले. बांबूचं बेट जगलं आणि त्याच्या मागची माती पण जागेवर राहिली. गेलं काय तर शोभेचा उंच अशोक जो हल्ली प्रत्येक बागेत ओळीनं लावतात तो, शेवगा, पपई, क्रोटनची सगळी कुंपणं आणि गुलाबाचे ताटवे. गुलमोहर दोन पडले, त्यांची मुळं वरच्यावर पसरतात आणि भिजलेल्या मातीत पकड सुटते. कडुनिंब मोठा होता तो राहिला, लहान होता तो वाळला. ह्यात नवल काही नाही, जी झाडं मूळची नदीकाठाची ती राहिली. आमच्या बागेतले माळीमामा एवढंच म्हणाले, "नर्सरीतनं काय आणायचं ते हरिपूरपर्यंत काठानं चालत जावा आणि बघून या, जे उभं हाय तेच लावा." त्याहून सोपी निवड मला कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मिळाली नाही. वाळुंज, जी आपल्याकडच्या नद्यांच्या पात्राला लागून वाढते आणि पुरात वाकून परत उभी राहते, ती आता काठावर फार कमी दिसते. ती परत लावायची असं ठरवलं. मातीची दरड धरून ठेवायला वाळा, त्याची मुळं सरळ खाली खोल जातात.

बैठकीत खरा वेळ गेला तो बाग कुणासाठी ह्याच्यावर. कागदावर बाग म्हणजे ट्रॅक, खेळणी, लॉन, पण आपल्या नदीकाठाला येणारी माणसं बघा. पहाटे पोहणारे येतात, त्यात पन्नाशी-साठीचे काका लोक जास्त, त्यांना पायरी आणि कपडे बदलायला आडोसा पाहिजे. दहाव्याच्या विधीला लोक येतात, त्यांना शांत कोपरा आणि पाण्यापर्यंत जायला जागा पाहिजे, आणि शेजारी पोरं घसरगुंडीवर ओरडत असतील तर दोघांनाही बरं वाटत नाही. गणपती विसर्जन. पाणी चढल्यावर होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा दोन्ही काठ माणसांनी फुललेले, त्या दिवशी बाग म्हणजे गॅलरीच, तिथं जाळी-रेलिंग असेल तर माणसं त्याच्यावर चढतात आणि अपघात होतो. श्रावणी सोमवारी हरिपूरला जाणारी गर्दी. संध्याकाळी भेळ खात बसणारी कुटुंबं, आणि बायका ज्यांना चालायला यायचंय पण सातनंतर अंधार असतो म्हणून येत नाहीत. एक काकू बैठकीत उठून म्हणाल्या, "अहो दादा, खेळणी नसली तरी चालतील पण संडास करा की आधी, आम्ही तासभर सुद्धा थांबू शकत नाही तिथं." बागेच्या आधीच्या दोन्ही नकाशांत स्वच्छतागृह नव्हतं. ही गोष्ट मला पुरापेक्षा मोठी वाटली, कारण पूर वर्षातले काही दिवस, आणि ही अडचण रोजची.

आणि माणसांशिवाय जे तिथं राहतात ते. आपल्या कृष्णेत मगरी आहेत, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही. औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ, डिग्रज ह्या पट्ट्यात त्या कायम, सांगलीतही दिसतात. थंडीत सकाळी ऊन खायला मातीच्या काठावर येऊन पडतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या मऊ जागेत खड्डा करून अंडी घालतात, पावसाच्या तोंडाला पिल्लं निघतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगर आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. माणसांवर हल्ले झालेत, माणसं गेलीत, ती भीती खोटी नाही आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर निसर्गप्रेमाच्या गप्पा मारता येत नाहीत. पण काठाची माती वीटभट्टीला आणि वाळू बांधकामाला गेली की मगरीला बसायला जागा उरत नाही, मग ती घाटाच्या जवळ येते. म्हणून आमचं म्हणणं असं झालं की बागेचा एकदम खालचा, पाण्याला लागून असलेला मातीचा काठ आपण घ्यायचाच नाही. तिथं फरशी नाही, सेल्फी पॉइंट नाही, झगमग दिवे तर अजिबात नाहीत. पाण्यात उतरायचं ते फक्त घाटावरनं, जिथं वर्दळ असते, आणि बाकी काठाला काटेरी करवंद-सागरगोट्यासारखं जिवंत कुंपण आणि मराठीत मोठ्या अक्षरात पाटी. मगर दिसली की काय करायचं, कुणाला फोन करायचा, ते त्या पाटीवर पाहिजे, नुसतं "सावधान" लिहून भागत नाही.

तो काठ मोकळा सोडला की बाकीचे आपोआप येतात. खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून घरटं करतो, दरडीला पिचिंग केलं, म्हणजे दगड बसवले, की त्याचं घर गेलं. पाणकावळे, वंचक, राखी बगळा, टिटवी, धोबी, हिवाळ्यात येणारे पाहुणे वेगळे. उंबराच्या फळाला संध्याकाळी वटवाघळं. पोरांना आणून दाखवायला ह्याच्यापेक्षा चांगलं काय असतं मला माहीत नाही, आमची पोरं हत्ती-जिराफ ओळखतात आणि घरापासून दहा मिनिटांवरचा खंड्या ओळखत नाहीत, हे आपण बदलू शकतो.

नियम काय सांगतो ते पण बघितलं. पाटबंधारे खात्याचं १९८९ चं परिपत्रक आहे, त्यात निळी रेषा आणि लाल रेषा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर जिथंपर्यंत जातो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणारा. नदी आणि निळी रेषा ह्यांच्या मधलं क्षेत्र निषिद्ध, तिथं बांधकाम नाही, पण बाग, मैदान, हलकी पिकं असले मोकळे वापर चालतात. म्हणजे बाग ही त्या जागेला कायद्यानंच सुचवलेली गोष्ट आहे. लोक म्हणतात दरवर्षी बुडतंय तर बाग करताच कशाला, त्याला उत्तर हे, की बाग नाही केली तर तिथं आधी पत्र्याचं शेड येतं, मग भराव, मग प्लॉट, आणि मग तिथं माणसं राहायला येतात आणि पुरात त्यांनाच बोटीनं काढावं लागतं. बाग बुडाली तर गाळ काढावा लागतो, घर बुडालं तर संसार जातो. काठ मोकळा ठेवणं हीच बागेची पहिली कामगिरी, खेळणी-बिळणी नंतर. फक्त भराव टाकून बाग उंच करू नका, कारण आपण जेवढी माती टाकू तेवढी पाण्याची जागा कमी होते आणि ते पाणी समोर सांगलवाडीत नाहीतर शेजारच्या गल्लीत जाऊन बसतं. बैठकीत हा प्रस्ताव आला होता, चार फूट भराव टाका म्हणजे प्रश्न मिटला, आणि त्याला सगळ्यात जोरात विरोध समोरच्या काठावरच्या लोकांनी केला. त्यांचं बरोबर होतं.

मग ठरलं काय? उंची बघून खर्च करायचा, एवढंच. बागेत दरवर्षी भिजणारा टप्पा, चाळिशीच्या आसपास बुडणारा टप्पा आणि वरचा रस्त्यालगतचा टप्पा असे तीन टप्पे पुलाच्या पातळीशी जुळवून खुणा करून घेतल्या. खालच्या टप्प्यात पैसा घालायचाच नाही, हरळी, वाळा, वाळुंज, करंज आणि पायवाट मातीची. मधल्या टप्प्यात दगड आणि जड काँक्रीट, म्हणजे जे पाण्याखाली राहून धुतलं की परत वापरता येतं असंच. ट्रॅक पेव्हरच्या जागी मुरूम दाबून, कडेला दगडाची पट्टी, बिघडला तर दोन ट्रॉली मुरमात दुरुस्त होतो. पोरांना खेळायला दगडी पायऱ्या, मातीचे उंचवटे, जाड लाकडी ओंडके, आणि झोपाळ्याच्या फक्त चौकटी कायमच्या, झोके मेअखेर काढून गोडाऊनला. ओपन जिम मधल्या टप्प्यातनं काढून वर. वरच्या टप्प्यात स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, दिव्यांचे डबे. डबे डोक्याच्या बऱ्याच वर आणि सगळ्या लाइनला एकच मेन स्विच, चाळिशीच्या आधीच बंद करायचा. भिंत रद्द. नुसते दगडी खांब, मधे माणूस जाईल एवढं अंतर, गाडी जाणार नाही एवढं कमी.

लाइटवर मात्र एकमत झालं नाही आणि मला वाटतं होणं अवघड आहे. बायकांना उजेड पाहिजे, आणि तो पाहिजेच, काठावर अंधार ठेवून सुरक्षित वाटा असं कुणाला सांगता येत नाही. दुसरीकडं पाण्यावर पांढरे फ्लडलाइट मारले की पक्षी, मगर, मासे सगळ्यांना त्रास. शेवटी वरच्या आणि मधल्या टप्प्याला खाली तोंड केलेले पिवळे दिवे, पाण्याकडं एकही नाही, आणि रात्री दहाला बाग बंद, असा तोडगा निघाला. ज्यांना पूल आणि नदी झगमगताना बघायची होती ते नाराज आहेत.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट राहते जी बागेच्या हद्दीत नाही, शेरी नाला. गावाचं सांडपाणी घेऊन येणारा हा नाला नदीत मिळतो, वसंतदादांच्या समाधी स्थळापासून लांब नाही ती जागा. ते पाणी उपसून धुळगावला नेऊन शेतीला द्यायची योजना किती वर्षं चालू आहे, पंप चालले तर फरक दिसतो, बंद पडले की वास थेट घाटावर. बंधाऱ्यात पाणी अडवलं की उन्हाळ्यात वाहतं पाणी कमी आणि नाल्याचं पाणी तिथंच मुरतं, केंदाळ वाढतं. मधेमधे नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो तो आपण सगळ्यांनी बघितलाय. पुरात उलटा प्रकार, नदीचंच पाणी ह्याच नाल्यानं मागं गावात शिरतं. बागेत कितीही चांगला कट्टा बांधला तरी वाऱ्याची दिशा नाल्याकडनं असली की माणूस पाच मिनिटं बसत नाही. म्हणून आमच्या कागदावर शेवटची मागणी बागेची नाहीच, पंप रोज चालू आहेत का ते बाहेर फळ्यावर लिहा ही आहे. खर्च जवळजवळ शून्य, पण लोकांना कळेल.

आत्तापर्यंत झालंय ते असं, भिंत परत बांधलेली नाही, खालचा टप्पा मोकळा सोडलाय, करंज-अर्जुन-वाळुंज लावलेत आणि त्यातली बरीच धरलीत, मुरमाचा ट्रॅक अर्धा झालाय. स्वच्छतागृहाचं काम अजून कागदावर आहे आणि त्यासाठी काकूंचा ग्रुप चिकाटीनं मागे लागलाय. खेळणी मागच्या मे महिन्यात काढलीच गेली नाहीत, कारण ती काढायची कुणी हे कुठं लिहिलेलंच नव्हतं, आता माळीमामांच्या कामाच्या यादीत ते घालून घेतलंय.

गाळाचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि ते घरोघरी बायकांना पाठ आहे. पाणी पूर्ण उतरायची वाट बघायची नाही, उतरत असतानाच त्याच पाण्यानं खराट्यानं गाळ मागं ढकलत न्यायचा, म्हणजे तो सुकून बसत नाही. घरात आपण हे करतो, बागेत मात्र पाणी गेल्यावर पंधरा दिवसांनी जेसीबी येतो. ह्या वेळेला जूनमधेच दोन डिझेल पंप, पाइप, खराटे आणि गमबूट वरच्या टप्प्यातल्या खोलीत आणून ठेवायचे, पुराचं पाणी ज्या दिवशी मधल्या टप्प्यावरनं उतरायला लागेल त्या दिवशी कोण कोण येणार त्यांची नावं आधीच लिहून घ्यायची, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय कुणाला गाळात उतरवायचं नाही. निघालेला गाळ नदीत परत लोटता येईल तेवढा लोटायचा, उरलेल्या गाळातलं प्लॅस्टिक वेचून तो एका कडेला ढीग करून वाळवायचा आणि पुढच्या वर्षी रोपांच्या खड्ड्यात वापरायचा. नावांची यादी सुरू केली आहे, पोहणाऱ्या काकांचीच नावं सगळ्यात आधी आली, गल्लीतल्या पोरांची अजून घ्यायची आहेत.